पहिल्या पुलाआधीची धून

माझ्या कॉम्प्युटर-दुरुस्तीच्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक एकच रड घेऊन येतं, मशीन हळू झालंय. फार जोरात पळतंय, जरा हळू करून दे, असं आजवर एकाच बाईने सांगितलं आणि ती माझी सख्खी मामी. तेही फोनवर, आवाज इतका खाली आणून की मला वाटलं घरात कोणी झोपलंय. कोणी झोपलेलं नव्हतं. शेजारच्या खोलीत मामा बसला होता आणि त्याला ऐकू जाऊ नये म्हणून तिची ही धडपड चालली होती.

मामा काच कापायचा. टोकाला हिरकणी बसवलेलं ते बोटभर हत्यार काचेवरून एकदाच, एका दमात ओढायचं, खालून हलकेच ठोकायचं, की काच हवी तिथे सरळ तुटते. मध्ये हात थबकला की काच वाया. मामाचा हात कधी थबकला नाही. आमच्या रस्त्यावरच्या निम्म्या खिडक्या त्याच्या हातच्या, आणि हे तो कुणालाही, न विचारता, सांगायचा. मग त्याला अर्धांगाचा झटका आला. सौम्य होता म्हणे. बोलणं वाचलं, पाय पंधरवड्यात ताळ्यावर आला, उजवा हात मात्र रुसून बसला तो बसलाच. डॉक्टरांनी बजावलं होतं की हे पहिले काही महिने हात वापराल तेवढा परत येईल, नंतर जिथे असेल तिथे राहील. व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्यांनी दाबायला मऊ चेंडू दिला. मामाने तो कपाटाखाली घरंगळू दिला आणि मी काय तान्हं बाळ आहे का, असं विचारलं. दिवसभर तो हात मांडीवर ठेवून बसायचा, कुणी दुसऱ्याचं सामान सांभाळायला दिल्यासारखा.

अशात एके दिवशी तो आपणहून म्हणाला, होडी लाव. आजारी पडल्यापासून त्याने मागितलेली ही पहिली गोष्ट. मामीने पदर खोचला आणि टेबलाखालचा जुना कॉम्प्युटर लावायला गेली, तर तो मेलेला.

होडी म्हणजे त्या दोघांचा खेळ. खरं नाव काहीतरी लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. एक नदी, तिच्यात खडक, वर एकामागून एक पूल, आणि कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या चार बाणांनी होडी हाकायची. होडी बुडली की दुसऱ्याची पाळी. तो कॉम्प्युटर मीच त्यांना आणून दिला होता, माझ्या शिकाऊपणात, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी कामं आटोपली की दोघं त्याच्यापुढे बसत आली होती. मूल नाही, बाळ नाही, होडी. मामीची पाळी असली की मामा उठून चहा टाकायचा, नाहीतर खिडकी पुसायचा. दुसऱ्याचा हात चालताना नुसतं बघत बसणं त्याला जमत नसे, काचेच्या दुकानातही जमत नसे. खेळातल्या गुणांच्या यादीत पहिल्या दोन्ही ओळी मामाच्या होत्या. मामीची तिसरी.

तर मी गेले, जुनं खोकं उघडलं. आतल्या छोट्या बॅटरीने पाणी सोडून सर्किटचा सगळा पट्टा हिरवा करून ठेवला होता. ते काही जगणार नव्हतं. पण डिस्क फिरत होती. होडी उचलली, एका नव्या मशीनवर टाकली, ते मशीन त्यांच्या टेबलावर ठेवलं, मेलेलं खोकं काखोटीला मारलं आणि घाईत होते म्हणून चालवून न बघता निघाले. दुसऱ्या दिवशी मामीचा तो दबक्या आवाजातला फोन.

पुन्हा गेले. मामाने होडी सुरू केली. पडदा लुकलुकला आणि होडी काठावर आपटून फुटली. पाण्यात शिरलेली मला दिसलीसुद्धा नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मामा माझ्याकडे बघत होता.

आता हे का होतं ते मला प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं, आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरतं, कारण चूक खेळ लिहिणाऱ्यांची. होडीने किती वेळाने पुढे सरकायचं, हे त्यांनी घड्याळाला विचारायला हवं होतं. त्यांनी काय केलं, तर दोन हालचालींच्या मध्ये मशीनला रिकामे आकडे मोजायला बसवलं. इतके मोज, मग होडी ढकल. त्यांच्या मशीनला ते आकडे मोजायला जेवढा वेळ लागे, तेवढाच नदीचा वेग. आजचं मशीन तेच आकडे पापणी लवायच्या आत मोजून मोकळं होतं. त्याचा काही दोष नाही, सांगितलेलं काम ते करतं.

यावर उपाय आहे. नव्या मशीनच्या आत एक जुनं मशीन असल्याचं सोंग उभं करायचं आणि खेळ त्या सोंगात चालवायचा. सोंगाला वेग सांगता येतो. प्रश्न एवढाच, की कोणता सांगायचा. जुन्या खोक्यातल्या चिपवर वेगाचा आकडा छापलेला होता, तो मी धरला, पण नुसत्या छापील आकड्यावर माझा विश्वास नसतो. म्हणून मामीला विचारलं, काही आठवतं का, ज्यावरून ताडून बघता येईल.

मामीला लगेच आठवलं. पाळी सुरू झाली की एक छोटी धून वाजते, आणि ती संपते त्याच क्षणी होडी पहिल्या पुलाखाली शिरते. मी खूश झाले, कारण ती धून घड्याळावर चालत होती आणि होडी मोजणीवर. म्हणजे धून हीच मोजपट्टी. वेग थोडा खाली, थोडा वर करत गेले आणि छापील आकड्याला येऊन थांबले, तर धून संपली आणि होडी बरोब्बर पुलाखाली. मामी म्हणाली, हेच, अगदी हेच. इतकं साफ जुळलेलं काम क्वचित मिळतं, आणि खरं सांगते, मला स्वतःचं कौतुक वाटलं.

सुरू करण्याआधी मामाने मला एक अट घातली होती. हल्ली त्याच्याशी सगळे हळू बोलत, घास बारीक करून देत, दार उघडून धरत. त्याला त्याची चीड होती. तो म्हणाला, "ठिणगी, खेळ होता तसाच हवा. माझ्याकडे बघून एवढासाही हळू केलास तर मला कळेल, आणि मग मी त्याला हात लावणार नाही." ठिणगी म्हणजे मी. का, ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल.

मी शब्द दिला आणि पाळला. मामाने उजवा हात डाव्याने उचलून त्याची बोटं बाणांवर ठेवली. ती वाकडीतिकडी हलत होती, पण हलत होती. होडी पहिल्या पुलाखालून गेली, दुसऱ्याच्या खांबावर फुटली. पुन्हा दुसऱ्याच्याच. तिसऱ्यांदा पहिल्याच्या अलीकडे. पूर्वी तो आठव्या-नवव्या पुलापर्यंत सहज जाई. त्याच्या कपाळावर घाम आला. मग थांबून तो म्हणाला की वेग चुकलाय. धून पुलाच्या बरीच आधी संपायची. धून संपली की मध्ये नुसतं पाणी असायचं, तेवढ्यात तो बोटं नीट बसवून घ्यायचा, आणि मग पूल.

मी त्याला सोबत आणलेली चिप दाखवली, छापील आकडा वाचायला लावला, मामीचं सांगणं आणि आकडा एकाच ठिकाणी येतात हे पटवलं. चढ्या आवाजात पटवलं. माझं मोजमाप चुकलंय असं कुणी म्हटलं की मी अशीच होते. मामा मामीकडे वळला आणि म्हणाला, तू सांग. मामी चहाचं काहीतरी पुटपुटत आत गेली. मला वाटलं, तिला रडू येत असेल.

मामाने हात पुन्हा मांडीवर घेतला. "म्हणजे हातही गेला आणि डोकंही," तो शांतपणे म्हणाला. दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा त्याने त्यांना दारातूनच सांगितलं की आता येऊ नका.

दोन दिवस मी दुकानात ज्याच्यात्याच्यावर खेकसत होते. होडीसाठी नव्हे, मामासाठी. तो माणूस हात सोडून देत होता, आणि ते माझं मोजमाप बरोबर आल्यामुळे. तिसऱ्या दिवशी त्यांचं जुनं खोकं भंगारात काढायला घेतलं. पुढची बटणांची पट्टी सोडवली आणि हातात धरली तर काहीतरी नजरेला खुपलं. चालू करायच्या बटणावरची अक्षरं अजून वाचता येत होती. त्याच्या शेजारचं टर्बोचं बटण मात्र पार गुळगुळीत. अक्षरं गेलेली, प्लास्टिक खड्ड्यासारखं आत दबलेलं, कडेला काळपट चकाकी.

हे बटण कशाला असे, ते आता कुणाला ठाऊक नाही. दाबलं की ते आत राही आणि मशीन पूर्ण वेगाने पळे. पुन्हा दाबलं की बाहेर येई आणि मशीन मुद्दाम हळू चाले. त्या काळीही काही खेळ फार जोरात पळत, त्यांच्यासाठी केलेली ती सोय. लोक एकदा दाबत आणि विसरून जात. रोज दाबून दाबून ते झिजलेलं मी कुठेच पाहिलं नव्हतं. आणि चालू करायच्या बटणापेक्षा जास्त झिजलं, म्हणजे दिवसाला एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा दाबलेलं.

मग मला ते खोकं आठवलं, टेबलाखाली, डाव्या अंगाला. डावीकडे मामी बसायची. आणि मामीने जन्मभर पायाने शिवणयंत्र चालवलं होतं.

तशीच दुकान बंद करून गेले. मामा बाहेरच्या खोलीत पेपर समोर धरून बसला होता. मी स्वयंपाकघरात शिरले आणि ती पट्टी ओट्यावर ठेवली. मामीने बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि स्टूल ओढून बसली.

तिने सगळं सांगितलं. मशीन नवं होतं तेव्हा मामाला होडी जमेना. पहिल्या पुलाच्या पुढे कधी गेला नाही. काचेवर सरळ चालणारा हात त्या चार बाणांवर गोंधळायचा. तो चिडायचा, उठून जायचा, एका आठवड्यात बसायचाच बंद झाला. आणि मामीला तर सबंध दिवसात त्याच्याजवळ बसायला तेवढाच एक तास मिळायचा. टर्बोचं बटण कशाला असतं, हे मीच तिला मशीन जोडताना सांगितलं होतं. त्यामुळे एके संध्याकाळी तिची होडी बुडाली, मामा आत चहा गाळत होता, आणि तिने पायाच्या अंगठ्याने ते बटण दाबलं. मग हाक मारली, बुडाले हो, या. त्या दिवशी तो चौथ्या पुलापर्यंत गेला. चहा गार झाला तरी उठला नाही.

"मग सवयच लागली," मामी म्हणाली. "त्यांची पाळी आली की दाबायचं, माझी आली की परत दाबायचं. शिवताना पाय आपोआप चालतो ना, तसं. मला तर कितीतरी वर्षं आठवणसुद्धा नव्हती गं. परवा ते धुनेचं बोलले तेव्हा धस्स झालं."

दोघांची धून खरी होती. तिची पुलापाशी संपायची, त्याची पुलाच्या आधी. मला हसू फुटत होतं. मी म्हटलं, सोपं आहे, मी गुपचूप वेग कमी करते, माझंच मोजमाप चुकलं म्हणून सांगते, तो मजेत खेळेल. माझी चूक कबूल करायची तयारी दाखवली, हे माझ्या बाबतीत किती मोठं आहे ते मामीला माहीत होतं. तरी तिने मान हलवली.

ती म्हणाली, आता काहीही कमी केलंस तरी त्यांना ती दयाच वाटणार, त्यांनी तुला आधीच बजावलंय. खेळ खरोखर असाच होता हे पटायचं असेल तर तो असा का होता ते सांगावं लागेल. आणि ते सांगायचं म्हणजे त्या यादीतल्या वरच्या दोन ओळी पुसायच्या. हात गेलेल्या माणसाला सांगायचं, की हात चांगला होता तेव्हाही तू जिंकत नव्हतास. हे बोलताना ती ओट्यावरचं पाणी फडक्याने पुसत होती, कोरडं झालं तरी पुसत होती.

मी म्हटलं, मामी, उलटं बघ ना. धडधाकट हाताने तो या वेगात पहिल्या पुलापुढे कधी गेला नव्हता, असं तूच म्हणालीस. परवा दुखऱ्या हाताने दुसऱ्यापर्यंत गेला. दोनदा.

मामीने फडकं ठेवलं. ती पट्टी उचलली आणि बाहेर गेली. मी मागोमाग.

तिने पट्टी मामाच्या पेपरवर ठेवली, समोरच्या खुर्चीवर बसली आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. रडली नाही, सारवासारव केली नाही. मामा बटणावरून डाव्या हाताचा अंगठा फिरवत ऐकत होता. काचेची कड तपासताना तो असाच अंगठा फिरवायचा.

"रोज?" त्याने विचारलं.

"तुमच्या प्रत्येक पाळीला."

मामाने पट्टी उलटसुलट करून पाहिली. मी दाराला टेकून उभी होते आणि आयुष्यात पहिल्यांदा तोंड बंद ठेवून होते. दुकानात, शेजारीपाजारी, व्यायामाच्या बाईंनासुद्धा त्याने त्या वरच्या दोन ओळी सांगितल्या होत्या. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"म्हणजे धून आधी संपायची," तो शेवटी म्हणाला.

"संपायची. तुमचं बरोबर होतं. मी तिथेच बोलायला हवं होतं, माझी जीभ उचलली नाही."

 मग त्याच्या मनात काहीतरी हिशेब लागत गेला असावा, कारण त्याने मान वर करून तिच्याकडे नीट, नवख्या कोणाकडे बघावं तसं पाहिलं. "आणि तुझी तिसरी ओळ," तो म्हणाला, "ती पूर्ण वेगातली?"

मामी लाजली. या वयात, माझ्यादेखत. मान खाली घालून म्हणाली, हो.

"खेळ," मामा म्हणाला. "मला बघू दे."

मी मशीन लावलं. सोंगाला दोन वेग सांगून ठेवले आणि अदलाबदल कीबोर्डच्या एका बटणावर दिली. मामी डावीकडे बसली, मामा उजवीकडे. धून वाजली, संपली, होडी पहिल्या पुलाखाली शिरली. मामीची बोटं त्या चार बाणांवर अशी फिरत होती की मी दिवसभर कीबोर्डवर असून थक्क झाले. दुसरा पूल, तिसरा, चौथा. तिसऱ्यापुढे धार वाढते, तिथे ती ओठ आत घेऊन, श्वास न घेता, खडकांच्या मधून काढत गेली. इतकी वर्षं मामा या वेळी चहा टाकत होता. आज तो जागचा हलला नाही.

माझं लक्ष टेबलावर गेलं. त्याचा उजवा हात तिथे पालथा पडला होता आणि बोटं हलत होती. कुणी उचलून ठेवली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. ती डावीकडे वळली की त्याचं एक बोट खाली जाई, उजवीकडे वळली की दुसरं. थोडं मागून, थोडं कमी, पण प्रत्येक वळणाला. मामाला त्याचा पत्ता नव्हता, तो पडद्याकडे बघत होता. मी बोलले नाही. बोलले असते तर थांबली असती.

सातव्या पुलाच्या खांबावर होडी फुटली. "बुडाले हो," मामी सवयीने म्हणाली, आणि टेबलाखाली तिचा पाय पुढे सरकला, जिथे आता काहीच नव्हतं. मामाने ते पाहिलं. तिनेही पाहिलं की त्याने पाहिलं, आणि पाय मागे घेतला.

मामाने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. उजव्या हाताने. एका कडेने वाकडा आला, पण आला. बोटं बाणांवर ठेवली.

"दाब," तो म्हणाला. "पण आता मला सांगून दाबत जा. आणि व्यायामवालीला फोन कर."

मी मामीला बटण दाखवलं. "दाबलं हं," ती म्हणाली. धून सुरू झाली, संपली, आणि मध्ये नुसतं पाणी होतं. मामाने त्या पाण्यात बोटं नीट बसवून घेतली. मग पूल आला.